गॅरेजमध्ये जुनी विदेशी गाडी दिसली? मोबाईलने तिची ओळख अशी पटवा

२ जानेवारीला आम्ही चौघं सिद्धगडला गेलो होतो. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना १९४३ साली याच दिवशी, याच डोंगरात हौतात्म्य आलं, म्हणून दरवर्षी मुरबाड-कर्जतकडची माणसं पहाटेच तिथे जमतात. परतताना आमच्यातल्या एकाच्या बाईकची क्लच केबल तुटली. ढकलत ढकलत एका गॅरेजपर्यंत आलो. गॅरेज नेमकं कुठे आहे ते मी मुद्दाम सांगत नाहीये, कारण पुढे येईलच.

मिस्त्री काका केबल बदलत होते तोवर मी मागच्या शेडकडे गेलो. निळ्या ताडपत्रीखाली काहीतरी गोल, फुगीर आकार दिसत होता. "काका, हे काय आहे?" "मालकाच्या गाड्या हायेत. पडल्यात." ताडपत्री वर केली तर खाली एक फोक्सवॅगन बीटल. तिच्या पलीकडे भाताच्या पेंढ्यात अर्धी बुडालेली, बोटीएवढी लांब अमेरिकन गाडी. आणि भिंतीला टेकलेली एक जीप.

काकांनी सांगितलं की गाड्या जुन्या मालकाच्या, भात-गवताचा व्यापार होता त्यांचा. ते वारले. मुलगा कल्याणला असतो, त्याला जागा मोकळी करायची आहे. भंगारवाला येऊन बघून गेलाय, किलोवर भाव सांगितलाय.

किलोवर! आमच्यातला एक जण लगेच रील काढायला लागला. त्याला म्हटलं, थांब जरा. आधी या गाड्या कोणत्या आहेत ते तरी बघू. हा लेख त्या 'बघू'बद्दल आहे. तुमच्या गावातल्या गॅरेजमध्ये, एखाद्या वाड्याच्या पडवीत किंवा मामाच्या गोठ्यामागे अशी गाडी दिसली तर खिशातल्या मोबाईलने काय काय करता येतं, आणि मोबाईल कुठे फसतो, ते सांगतो.

लेन्सने काय सांगितलं

सगळ्यात आधी कुणीही करेल तेच केलं. नेटवर्क एक दांडी होतं, म्हणून फोटो काढून ठेवले आणि मुरबाडच्या स्टँडजवळ चहा पिताना गूगल लेन्समध्ये टाकले. बीटल पटकन ओळखली. मोठ्या गाडीचा बाजूने काढलेला फोटो टाकला तर म्हणे 'प्लिमथ'. पुढच्या नावाच्या पट्टीचा फोटो टाकला तर 'डॉज'. जीपला सरळ 'महिंद्रा थार' म्हणून मोकळं झालं.

असं का होतं? लेन्स गाडी 'ओळखत' नाही. ते फोटोतल्या कडा, आकार, रंग यांचं आकड्यांच्या एका लांबलचक यादीत रूपांतर करतं आणि इंटरनेटवरच्या कोट्यवधी फोटोंमधून ज्यांची यादी तुमच्या यादीच्या सगळ्यात जवळ जाते ते फोटो समोर ठेवतं. अमेरिकेत चकाचक पॉलिश केलेल्या प्लिमथचे हजारो फोटो आहेत. पेंढ्यात बुडालेल्या, पुढची जाळी हरवलेल्या, ऑइलपेंट मारलेल्या गाडीचे किती असणार? त्यामुळे उत्तर जवळचं येतं, नेमकं येईलच असं नाही.

डॉज-प्लिमथच्या बाबतीत मात्र गंमत वेगळी आहे. दोन्ही उत्तरं बरोबरच निघाली! डॉज, प्लिमथ आणि डिसोटो ही तिन्ही नावं क्रायस्लर कंपनीचीच. परदेशात विकण्यासाठी कंपनी प्लिमथच्याच बॉडीला वेगळी जाळी आणि वेगळं नाव लावून तिची डॉज किंवा डिसोटो करायची. म्हणजे दारं प्लिमथची, नाव डॉजचं. आजही एकच गाडी दोन कंपन्या दोन नावांनी विकतात ना, तीच आयडिया.

म्हणून एक फोटो काढून भागत नाही. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि कोपऱ्यातून तिरका असे फोटो काढा. मग दिवे, जाळी, डॅशबोर्ड, स्टीअरिंगच्या मधलं बटण आणि नावाच्या पट्ट्या वेगवेगळ्या घ्या. आणि नंतर काही गोष्टी डोळ्यांनी मोजा, त्यात मोबाईलपेक्षा डोळे बरे.

जीपचंच बघा. आमच्या रीलवाल्या मित्राचं म्हणणं, ही दुसऱ्या महायुद्धातली जीप. पुढच्या जाळीतल्या उभ्या फटी मोजल्या: सात. युद्धातल्या विलीज आणि फोर्डच्या पत्र्याच्या जाळीला नऊ फटी असायच्या. सात फटी ही युद्धानंतरच्या नागरी जीपची खूण. शिवाय हिचं बॉनेट चांगलंच उंच होतं. १९५३ मध्ये आलेल्या सीजे-३बी मॉडेलमध्ये उंच इंजिन बसवण्यासाठी बॉनेट वर उचललं होतं आणि हेच मॉडेल महिंद्राने पुढे अनेक वर्षं परवान्याखाली आपल्याकडे बनवलं. तेव्हा युद्ध वगैरे काही नाही. (मित्राचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.)

बीटलचं वय मागच्या काचेवरून कळतं. मार्च १९५३ पर्यंत मागची काच मधोमध दुभागलेली होती. तिथून १९५७ च्या मध्यापर्यंत एकच लंबगोल काच, आणि त्यानंतर मोठी चौकोनी. आमच्या बीटलची चौकोनी होती, म्हणजे १९५७ च्या आधीची नाही, एवढं पेंढा न झटकताच कळलं.

या गाड्या इथे आल्या कशा?

'विदेशी' म्हटलं की आपल्याला वाटतं बोटीतून आली असणार. पण जनरल मोटर्सचा गाड्या जोडायचा कारखाना १९२८ पासून मुंबईत शिवडीला होता. फोर्डनेही मुंबईत जोडणी केली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि स्वातंत्र्याच्या आसपास कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडायला सुरुवात केली. पेट्यांमधून सुटे भाग यायचे, इथले कामगार त्याची गाडी करायचे. म्हणजे पेंढ्यातली ती 'अमेरिकन' गाडी मुरबाडपासून फार लांब जन्मलेली नसण्याची बरीच शक्यता आहे.

मग १९५३ च्या सुमारास सरकारने ठरवलं की नुसती जोडणी चालणार नाही, भागही इथेच बनवा. तशी तयारी नसलेल्या कंपन्या गेल्या. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीचं काम थांबवलं. प्रीमियर मात्र टिकली, त्यांनी फियाट ११०० हाती घेतली. आजोबांना विचारा, 'डुक्कर फियाट' म्हटलं की त्यांना लगेच आठवेल. त्यानंतर परदेशी गाडी मिळवणं प्रचंड अवघड झालं. वकिलातीतल्या लोकांच्या वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या, किंवा कुणी परदेशातून परतताना घेऊन यायचं. गॅरेजमध्ये दिसणाऱ्या जुन्या बीटलमागेही बऱ्याचदा अशी एखादी वाट असते. या वाटेचा कागद असतो का, हा प्रश्न पुढे फार महत्त्वाचा होणार आहे.

नंबर प्लेट आणि चेसिस नंबर

डॉजच्या मागच्या पत्र्यावर हाताने रंगवलेला नंबर होता, सुरुवात 'बीएम'ने. १९६० च्या आधी, मुंबई राज्य होतं तेव्हाची ही अक्षरं. महाराष्ट्र झाल्यावर 'एमआर', 'एमएम' अशी अक्षरं आली. आपल्या ओळखीचं 'एमएच' आणि पुढे आरटीओचा आकडा, म्हणजे ठाण्याला ०४, कल्याणला ०५, ही पद्धत १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतरची, कायदा लागू झाला १ जुलै १९८९ ला. त्यामुळे नुसत्या प्लेटवरूनही गाडी साधारण कधी नोंदवली गेली त्याचा अंदाज येतो. अंदाजच हं, कारण पत्रा एका गाडीचा काढून दुसरीला लावायला दोन स्क्रू पुरतात.

खरी ओळख म्हणजे चेसिस नंबर. प्ले स्टोअरवर 'व्हीआयएन डिकोडर' नावाची ढीगभर अॅप्स आहेत. नंबर टाका, गाडीची कुंडली मिळवा. आम्ही टाकला, तर अॅप म्हणे 'अवैध क्रमांक'. घाबरू नका. ही अॅप्स १७ अक्षर-अंकांच्या नंबरासाठी बनवलेली आहेत आणि १७ ची पद्धत १९८१ पासून सुरू झाली. (त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, १ आणि ० शी गोंधळ नको म्हणून.) त्याआधी प्रत्येक कंपनीची स्वतःची तऱ्हा होती. बीटलचा नंबर मागच्या सीटखाली, मधल्या बोगद्यासारख्या उंचवट्यावर ठोकलेला असतो. १९६५ ते १९६९ च्या मॉडेलना नऊ अंकी नंबर असे: पहिले दोन अंक गाडीचा प्रकार, तिसरा अंक वर्षाचा शेवटचा आकडा. आमचा ११७ ने सुरू होत होता, म्हणजे १९६७ चं मॉडेल. कुठलंही अॅप न लागता!

डॉज-प्लिमथ गाड्यांची नंबरपट्टी पुढच्या डाव्या दाराच्या बिजागरीजवळच्या खांबावर असते. इंजिनावर वेगळा नंबर ठोकलेला असतो आणि त्याची सुरुवातच मॉडेल सांगते. उदाहरणार्थ 'पी१५' म्हणजे युद्ध संपल्यावर, १९४६ पासून आलेली प्लिमथ. ब्रिटिश गाडी असेल, मॉरिस वगैरे, तर लुकास कंपनीचा डायनामो किंवा स्टार्टर शोधा. त्यावर बऱ्याचदा महिना आणि वर्ष ठोकलेलं सापडतं. अर्थात तो त्या भागाचा महिना, गाडीचा नव्हे.

हे नंबर वाचणं हीच मोठी कसरत. गंज, ग्रीस आणि वर तीन थर रंग. फ्लॅश मारून फोटो काढलात तर सगळं पांढरं दिसतं, कारण प्रकाश समोरून पडतो आणि खोलगट आकड्यांची सावलीच पडत नाही. फ्लॅश बंद करा. मित्राच्या मोबाईलचा टॉर्च पत्र्याला जवळजवळ चिकटवून एका बाजूने तिरका धरा. आकडे उठून दिसतात. मोबाईल अगदी जवळ नेला तर फोकस होत नाही, म्हणून थोडं मागे सरकून दुप्पट झूम करा. टॉर्चची बाजू बदलून तीन-चार फोटो घ्या, ३ आणि ८ मधला फरक एखाद्याच फोटोत कळतो.

मिस्त्री काका आमचा हा खटाटोप बघून हसले. त्यांनी एक कोरा कागद नंबरवर धरला, पेन्सिल आडवी करून घासली, आणि दहा सेकंदांत अख्खा नंबर कागदावर. आरटीओच्या कामासाठी वर्षानुवर्षं असाच 'पेन्सिल प्रिंट' काढतात. मी त्या कागदाचा फोटो काढला. माझ्या सगळ्या फोटोंपेक्षा तोच स्पष्ट आहे.

एक मात्र कधीच करू नका: तारेच्या ब्रशने किंवा ग्राइंडरने नंबर साफ करणं. रॉकेलचा बोळा फिरवा, बस. घासलेला नंबर म्हणजे छेडछाड केलेला नंबर, असा संशय येतो आणि मग खऱ्या मालकालाही स्वतःची गाडी सिद्ध करता येत नाही.

एम-परिवहनवर 'नोंद सापडली नाही'

डॉजचा नंबर एम-परिवहन अॅपमध्ये टाकला. नोंद नाही. मालकाच्या मुलालाही आधी हेच दिसलं होतं आणि त्याने धरून चाललं होतं की गाडी बेवारस, भंगारातच जाणार.

हे अॅप केंद्राच्या 'वाहन' डेटाबेसमधून माहिती उचलतं. या डेटाबेसमध्ये तेच असतं जे कुणीतरी संगणकात भरलंय. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची नोंद आरटीओच्या जाडजूड रजिस्टरमध्ये शाईने केलेली असते. मालकाने मूळ आरसी बुक घेऊन अर्ज केला की कार्यालय जुन्या रजिस्टरशी पडताळून ती नोंद संगणकात घेतं, याला 'बॅकलॉग एन्ट्री' म्हणतात. त्यामुळे 'सापडली नाही' याचा अर्थ 'अॅपला माहीत नाही' एवढाच.

आणि इथेच रीलचा मुद्दा येतो. अशा गाडीचा फोटो नंबरासकट, जागेसकट टाकला तर काय होतं? जुन्या गाड्यांचे दलाल सोशल मीडियावर नजर ठेवून असतात. घरच्यांना किंमत माहीत नसताना ते किलोच्या भावापेक्षा थोडं जास्त देऊन गाडी उचलतात. चोर आले तर दिवे, नावाच्या पट्ट्या, स्टीअरिंग एका रात्रीत जातं, आणि हेच भाग परत मिळवणं सगळ्यात कठीण असतं. तिसरा धोका चेसिस नंबरचा: चोरीच्या गाडीला पडून असलेल्या गाडीची ओळख चिकटवून कागद तयार करायचे, हा जुना धंदा आहे.

फोटोच्या आत 'एक्झिफ' नावाची माहिती लपलेली असते: वेळ, कॅमेरा आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग बंद करता येतो. आयफोनवर फोटो शेअर करताना वर 'ऑप्शन्स' दिसतं, तिथून लोकेशन काढता येतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती गळून पडते, पण तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जशीच्या तशी जाते. आणि एवढं सगळं करूनही मागे दुकानाचा बोर्ड दिसत असेल तर काय उपयोग? तेव्हा आधी मालकाला विचारा. तो हो म्हणाला तरी नंबर आणि परिसर झाका.

कागद असेल तर गाडी वाचते

आता मुख्य गोष्ट. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी, व्यावसायिक वापरात नसलेली दुचाकी किंवा चारचाकी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. जगभरातले गाडीवेडे १९१९ ते १९३० मधल्याच गाडीला काटेकोरपणे विंटेज म्हणतात. आपल्या नियमाला एवढा सोवळेपणा नाही, ५० वर्षं भरली की कुर्ल्याची फियाटही चालते.

नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांसाठी, नंतरच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. अर्ज फॉर्म २० वर, सोबत विमा. गाडी आधी भारतात नोंदलेली असेल तर जुनं आरसी बुक, आयात केलेली असेल तर बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टम्सचा कागद. जुना नंबर असेल तर तो राखता येतो. नसेल तर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असलेली खास मालिका मिळते. मात्र रोज ऑफिसला न्यायला किंवा लग्नाच्या वरातीला भाड्याने द्यायला ही गाडी चालत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते.

आणखी एक अट आहे जी आपल्याकडच्या गाड्यांना जड जाते: गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. पेट्रोल परवडेना म्हणून कित्येकांनी जीप-अॅम्बॅसेडरमध्ये मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं. या डॉजमध्येही तेच. मी निराश होऊन काकांना विचारलं, मूळ इंजिनाचं काय केलं? त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. ज्याच्यावर स्टोव्ह ठेवून ते चहा करत होते तेच ते. सपाट डोक्याचं, सहा सिलिंडरचं, सहाही प्लग वरून एका ओळीत. मालकांनी त्यांना बजावून ठेवलं होतं, हे विकायचं नाही.

मुलाशी फोनवर बोललो. नियम समजावला, लिंक पाठवली. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला: डॉजचं आरसी बुक आईच्या कपाटात सापडलं, बीटलचं काहीच नाही. भंगारवाल्याला त्याने सध्या नको म्हणून सांगितलंय. बीटलचा मार्ग लांबचा आहे, नंबरवरून आरटीओत जुनी नोंद शोधण्यापासून सुरुवात करावी लागेल.

तुमच्या घरी असं बुक असेल तर ते आजच स्कॅन करा. कापडी बांधणीची छोटी वही असते, पानं ठिसूळ झालेली असतात, म्हणून सपाट करायला दाबू नका. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, वरून सरळ, प्रत्येक पानाचा वेगळा फोटो घ्या. गूगल ड्राइव्हचं स्कॅन वापरलंत तरी आधी साधे रंगीत फोटोही काढून ठेवा, कारण स्कॅनर कागद पांढरा करण्याच्या नादात फिकट जांभळी शाई पुसून टाकतो. पहिल्या नोंदणीची तारीख, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्पष्ट दिसतात का ते मोठं करून तपासा. शेवटच्या पानांवरचे कर भरल्याचे शिक्के वगळू नका, गाडी शेवटची रस्त्यावर कधी होती ते तिथूनच कळतं.